माल्टा : प्रवाशांसाठी माहिती

माल्टा : भूमध्य समुद्रातील द्वीपराष्ट्र. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे 90 किमी. अंतरावर. माल्टा, गोझो व कोमिनो ही त्यातील प्रमुख बेटे. क्षेत्रफळ 316 चौ. किमी., म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. लोकसंख्या 5,19,562 (2021). राजधानी व्हॅलेटा. माल्टीज व इंग्रजी या दोन्ही राजभाषा. चलन 2008 पासून युरो. सेंट जॉन संघाच्या नाइट्सनी येथे 1530 ते 1798 राज्य केले. 1800 पासून ब्रिटिशांचा अंमल होता आणि 21 सप्टेंबर 1964 रोजी देश स्वतंत्र झाला. मुख्य बेटाची लांबी जेमतेम 27 किमी. असल्याने, हा देश दोन दिवसांत सहज पाहून होतो आणि त्यासाठी वेगळी आखणी लागत नाही, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. येथे जागा थोडी, पाणी थोडे आणि येणारे लोक फार. त्यामुळे प्रवाशाचा वेळ अंतरावर नव्हे, तर गर्दी, आधी केलेली नोंदणी, ऊन आणि वारा यांवर अवलंबून राहतो. मोठ्या देशात एक ठिकाण हुकले तर दुसरे गाठता येते. माल्टात जे एकमेवाद्वितीय आहे, त्यालाच प्रवेशाची मर्यादा सर्वांत कडक आहे.

पाओला गावातील हाल सफ्लिएनी हायपोजियम हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. इ. स. पू. 4000 ते 2500 या काळात चुनखडीत खोदत नेलेली ही तीन मजली भूमिगत दफनभूमी 1902 मध्ये घराचे बांधकाम सुरू असताना उघडकीस आली आणि 1980 मध्ये जागतिक वारसास्थळ ठरली. आतील छतावर गेरूने काढलेली वेलबुट्टी माणसांच्या श्वासातील बाष्पाने व कर्बवायूने खराब होते, म्हणून एका वेळी फक्त दहा जणांना आत सोडतात आणि दिवसाकाठी जेमतेम ऐंशी जणांना प्रवेश मिळतो. देशात 2024 मध्ये 35 लाखांहून अधिक पर्यटक आले, हे लक्षात घेतले की तिकिटे काही आठवडे, हंगामात काही महिने आधी का संपतात ते कळते. थोडी तिकिटे आदल्या दिवशी चढ्या दराने विकली जातात; त्यांच्या भरवशावर राहू नये. सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही आणि छायाचित्रे काढता येत नाहीत. ही बंधने जाचक वाटली तरी योग्यच आहेत. साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा तो रंग एकदा गेला की परत आणता येणार नाही. कोमिनोच्या ब्लू लगूनलाही 2025 च्या उन्हाळ्यापासून वेळ आधी नोंदवून क्यूआर कोड घ्यावा लागतो. उशिरा का होईना, तेथील उथळ खाडीवर होणाऱ्या बोटींच्या आक्रमणाला त्यामुळे काहीसा आळा बसला.

यावर पहिला आक्षेप असा, की क्रूझ जहाजांचे प्रवासी सकाळी उतरून संध्याकाळी समाधानाने परततात, मग इतकी आखणी कशाला? व्हॅलेटापुरते हे खरे आहे. शहर एक चौ. किमी.पेक्षा लहान आहे, ते पायीच पाहावे. ग्रँड हार्बरच्या धक्क्यावरून अप्पर बराक्का बागेत नेणारी लिफ्टही आहे. सेंट जॉन को-कथीड्रलमध्ये काराव्हाज्जोने 1608 मध्ये रंगवलेले संत जॉनच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे आणि केवळ त्यासाठी माल्टाला येणे सार्थ ठरावे. पण रविवारी हे चर्च पर्यटकांना बंद असते, खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात आणि टोकदार टाचांची पादत्राणे संगमरवरी थडग्यांवर चालत नाहीत. म्हणजे एका दिवसाचा पाहुणा रविवारी उतरला, तर शहरातील सर्वांत मोलाची गोष्टच त्याला दिसत नाही.

दुसरा आक्षेप वाहतुकीचा. माल्टात वाहने भारतासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तेव्हा गाडी भाड्याने घेतली की प्रश्न मिटला, असे आपल्याकडील प्रवाशाला वाटणे साहजिक आहे. मात्र या चिमुकल्या देशात चार लाखांहून अधिक वाहने आहेत. सकाळ-संध्याकाळ कोंडी होते आणि व्हॅलेटा व स्लीमा भागात गाडी लावायला जागा मिळत नाही. रेल्वे 1931 मध्येच बंद पडली. उरते ती बस. बहुतेक मार्ग व्हॅलेटाच्या वेशीबाहेरील ट्रायटन कारंजाजवळच्या स्थानकातून सुटतात, साधे तिकीट दोन तास चालते आणि थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. भरलेली बस हात दाखवूनही थांबत नाही, म्हणून उन्हाळ्यात मधल्या थांब्यांवर ताटकळावे लागते. स्लीमाहून आणि बंदरापलीकडील ‘तीन शहरे’ या नावाच्या वस्त्यांतून व्हॅलेटाला येणाऱ्या छोट्या फेरीबोटी हा याहून चांगला मार्ग. मोटार खरोखर उपयोगी पडते ती गोझोवर. मुख्य बेटावरील चिरकेव्वाहून गोझोतील इम्जार बंदरापर्यंत फेरीला सुमारे 25 मिनिटे लागतात. जाताना पैसे घेत नाहीत, परतीच्या वेळी घेतात. 15 ऑगस्टच्या सांता मारिया सणाला स्थानिक लोकच मोठ्या संख्येने गोझोला जातात, तेव्हा वाहनांच्या रांगा लांबतात. गोझोला एका दिवसाची धावती फेरी न करता दोन रात्री राहावे, असे सुचवावेसे वाटते. ज्गन्तियाची महापाषाण मंदिरे सकाळच्या शांततेत पाहता येतात. जुन्या माहितीपत्रकांतील ‘अझूर विंडो’ ही समुद्रकमान मात्र 8 मार्च 2017 च्या वादळात कोसळली.

तिसरा मुद्दा अधिक वजनदार आहे : हिवाळ्यात गेल्यास गर्दी आणि ऊन दोन्ही टळतात. जुलै-ऑगस्टपेक्षा एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर केव्हाही चांगले, यात शंका नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पाऊस बहुतांशी हिवाळी अर्धवर्षातच पडतो आणि वारा बोटींचे वेळापत्रक बिघडवतो. ईशान्येचा ग्रिगाल वारा सुटला की व्हॅलेटाची बाजू खवळते. वायव्येचा मजिस्त्राल सुटला की गोल्डन बेच्या बाजूच्या वाळूच्या किनाऱ्यांवर लाटा उसळतात. पोहायला जाण्यापूर्वी वाऱ्याची दिशा पाहावी आणि किनाऱ्यावरचा झेंडाही. लाल झेंडा धोक्याचा, जांभळा जेलीफिशचा. देशात बारमाही नदी किंवा तलाव नाही. निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे क्षार काढून मिळवतात. नळाचे पाणी सुरक्षित असले तरी चवीला मचूळ लागते. अशा ठिकाणी पाणी जपून वापरणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे.

भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो आणि 180 दिवसांत 90 दिवसांहून अधिक राहता येत नाही. माल्टाबरोबर इटली करायची असेल, तर जेथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करावा. दोन्हीकडे सारखाच असेल, तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. सिसिलीतील पोझ्झाल्लोहून व्हॅलेटाला वेगवान बोट पावणेदोन तासांत येते, त्यामुळे हा जोडप्रवास सोपा आहे. विमानाने यायचे तर इस्तंबूल, दुबई किंवा एखाद्या युरोपीय शहरात विमान बदलावे लागते. विजेचे प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असल्याने आपली गोल पिन बसत नाही; अडॅप्टर जवळ ठेवावा. शाकाहारी माणसाला रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण भरलेली पास्तीत्सी कोठेही मिळते, पण तिच्या पापुद्र्यांत डुकराची चरबी असू शकते, म्हणून विचारूनच घ्यावी.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो लवकर करावा, म्हणजे व्हिसा मिळताच हायपोजियमची तारीख नोंदवता येईल आणि तिच्याभोवती उरलेला प्रवास बसवता येईल. मुक्काम पाच दिवसांपेक्षा कमी नसावा. तातडीच्या कोणत्याही मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक 112.