नकारार्थी उपसर्ग आणि संगणकाची मराठी : महसुली परिभाषेच्या संदर्भात

मराठीतील नकारदर्शक उपसर्ग प्रामुख्याने दोन प्रवाहांतून आले. अ, अन्, निर् हे संस्कृतातून, तर गैर, बे, बिगर हे फार्सी-अरबीच्या संपर्कातून. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले, तरी दप्तरातून हे उपसर्ग हद्दपार झाले नाहीत. पुढे सावरकरांची भाषाशुद्धी चळवळ झाली, १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. शासकीय लेखनात 'गैरहजर'शेजारी 'अनुपस्थित' आणि 'बेकायदा'शेजारी 'अवैध' नांदू लागले. शेजार जुळला, अर्थच्छटा मात्र एक झाल्या नाहीत. 'गैरव्यवहार' या शब्दात दोषारोप आहे. 'बिगर' केवळ वर्गाबाहेर असणे सांगतो.

हा भेद किती महत्त्वाचा, हे डहाणू तालुक्यातील आशागडसारख्या गावाच्या संदर्भात स्पष्ट होते. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये १९७४ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आले. त्यानुसार आदिवासी खातेदाराची जमीन सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित करता येत नाही. येथे 'बिगर' हे दूषण नव्हे. मंजुरीशिवाय झालेले हस्तांतरण मात्र अवैध ठरते, आणि हा शब्द तेथे पूर्ण वजनाने उभा असतो.

आता सातबारा संगणकावर आला आहे. इंग्रजी संगणक-परिभाषेतील 'इन्व्हॅलिड' म्हणजे भरलेली माहिती अपेक्षित स्वरूपात नसणे. त्याचे भाषांतर अनेकदा 'अवैध' असे केले जाते. बहुधा हिंदीचा तो प्रभाव असावा. परंतु ज्या मुलखात जमिनीच्या वैधतेवर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, तेथील खातेदाराने पडद्यावर 'अवैध गट क्रमांक' असे वाचले, तर एखादा अंक चुकला एवढाच अर्थ तो घेईल काय? आपली जमीनच बेकायदा ठरली, असे त्याला वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

'डिसेबल'ची गत निराळी नाही. सुविधा जागेवर ठेवून थांबविणे हा त्याचा अर्थ. 'अनइन्स्टॉल' म्हणजे ती काढूनच टाकणे. इंग्रजीने हा भेद शब्दांतच राखला आहे. मराठीत 'डिसेबल'साठी 'अक्षम करा' असे लिहितात, आणि 'अक्षम' म्हणजे तर नालायक! 'बंद करा' हा साधा प्रयोग हाताशी असता हा अट्टाहास अनाकलनीय आहे. गट क्रमांकाच्या बाबतीतही 'क्रमांक जुळत नाही, पुन्हा भरा' एवढे पुरेसे आहे. तेथे उपसर्गाची गरजच उरत नाही.