दसऱ्याच्या दिवशीच्या बारा फेऱ्या

एरवी वीस फेऱ्या, दसऱ्याच्या दिवशी बारा. तिकीट तेवढंच. हा हिशेब मला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला, कारण हिंगोलीच्या रामलीला मैदानावर राहाटपाळण्याची तिकिटं फाडणारा माणूस माझा सख्खा मामा होता.

मामाचं गाव नर्सीच्या बाजूला, कयाधूच्या काठावर. कोरडवाहू चार एकर. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी तो पिशवीत धोतरजोडी आणि चादर घालून हिंगोलीला निघायचा आणि दसरा उलटला की रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीला परत यायचा. पाळणेवाला बाहेरगावचा. त्याला इथली माणसं ओळखणारा, लिहिता-वाचता येणारा आणि पैशाला सरळ असा एक जण गल्ल्यावर लागायचा. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पुलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी मामा तिथं बसला, तो जवळजवळ तीस दसरे बसला.

हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना आहे आणि तो खाकीबाबांच्या मठाने सुरू केला, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. त्याची रामलीला हिंदीत का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. हिंगोली ही निजामाच्या राज्यातली छावणी. हैदराबाद कंटिन्जंटचं सैन्य 1903 पर्यंत इथं होतं आणि त्यातले बरेच शिपाई हिंदुस्थानी, म्हणजे अवध-बिहारकडचे. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावं त्यांच्याच काळची. घरापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या त्या माणसांना नवरात्रात रामलीला हवीशी वाटली असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे. सैन्य गेलं, रामलीला राहिली. तिच्याभोवती बाजार भरला, बाजाराच्या कडेला पाळणा उभा राहिला आणि त्या पाळण्याच्या पायाशी एका स्टुलावर मामा बसला.

तो पाळणा आताच्या आकाशपाळण्यासारखा नव्हता. सागाच्या दोन खांबांवर आडवा आस, त्याला चार खुर्च्या. इंजिन नाही, वीज नाही. दोन माणसं खालून ढकलायची आणि तिसरा मधल्या दांड्यांवर चढून आपल्या वजनाने तो फिरता ठेवायचा. आस करकरायचा, त्याला एरंडेल घालत. वर गेलं की मठाकडचं झाड दिसायचं, त्याच्या पलीकडे स्टेशनातून सुटलेल्या मीटरगेजच्या गाडीचा धूर.

मामासमोर दोन जर्मनच्या वाट्या असायच्या. एकीत वीस चिंचोके. एक फेरी झाली की एक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत. पहिली वाटी रिकामी झाली की मामा नुसती मान वर करायचा आणि ढकलणारे हात सोडायचे. ही मोजदाद सगळ्यांसमोर चालायची. पाळण्यातलं पोरगं मोजत असे, खाली उभी त्याची आई मोजत असे, रांगेतले तर घाईने मोजत असतच. एक फेरी कमी पडली तर भांडण ठरलेलं, आणि अशा वेळी मामा वाटी उचलून पुढं धरायचा. "मोज की बाबा, तुझ्याच हातानं मोज."

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच वाटीतले आठ चिंचोके मामा काढून कोपरीच्या खिशात टाकायचा. त्या दिवशी रावण जळायचा. कळमनुरी, सेनगाव, औंढा, थेट वाशिमकडूनही बैलगाड्या यायच्या, मैदानात पाय ठेवायला जागा नसायची. दर चढवता आला असता, पण वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाच्या मुठीत घरून ठरवून आणलेलं नाणं असतं. दोन आण्याचे तीन आणे झाले, की ती मूठ तशीच मिटून परत जाते. म्हणून तिकीट तेवढंच ठेवायचं आणि फेऱ्या कमी करायच्या. गर्दीही उरकायची, मालकाचा गल्लाही भरायचा. आणि ही कपात लपवलेली नसायची. त्या दिवशी तिकिटाचा कागदच वेगळा असे: एरवी पिवळा, दसऱ्याला गुलाबी, हँडबिलाचा असतो तसा पातळ. गुलाबी म्हणजे बारा, हे सगळ्या मैदानाला ठाऊक. पिवळं तिकीट दसऱ्याला चालायचं नाही, गुलाबी दुसऱ्या दिवशी चालायचं नाही. तारखेचं बंधन म्हणतात ते हेच, फक्त ते वाचता न येणाऱ्यालाही रंगावरून कळायचं.

दर बदलले, ते बहुतेक वेळा नाण्यामुळे. मामा गल्ल्यावर बसला तेव्हा आमच्याकडे निजामाचा हाली रुपया अजून चालत होता आणि त्याच्या जोडीला भारत सरकारचा कलदारही आला होता. सात हाली म्हणजे सहा कलदार. पाळण्याच्या दोन आण्यांत कुणी हाली द्यायचा, कुणी कलदार, आणि वरची तफावत मोजायला दोन आण्यांत सुटं मिळतच नाही. मामाने गल्ल्याच्या डब्यात मधोमध पुठ्ठा उभा करून दोन कप्पे केले होते. मग 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. रुपयाचे शंभर झाले. चार आण्यांचे पंचवीस बरोबर बसत, पण दोन आण्यांचे साडेबारा होतात आणि अर्धा पैसा तर नव्हताच. सरकारी कोष्टकात दोन आण्यांना बारा नवे पैसे होते. त्या दसऱ्याला दर दहा की पंधरा यावर मालक आणि मामा यांचं दोन दिवस जमलं नाही. शेवटी दहा ठरला. मामा म्हणायचा, "पंधरा केले असते तर लोकांनी नव्या पैशालाच शिव्या घातल्या असत्या." मी पहिल्यांदा पाळण्यात बसले ते त्या दहा पैशांत, 1962 साली. मामाने मला फुकट बसवलं नाही. स्वतःच्या खिशातून दहा पैसे काढून गल्ल्यात टाकले, तिकीट फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

तारखेचंही असंच. दसरा तिथीने येतो, कचेरी निजामाच्या काळच्या महसुली फसली सनाने चालायची आणि फसली वर्षाचा पहिला महिना, आजूर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागायचा. म्हणजे कधी दसरा जुन्या सालात, कधी नव्या. मैदानाच्या कागदांवर मग दोन-दोन सालं पडत. पाळणेवाल्याला मात्र तिथीच पाठ. हिंगोलीचा दसरा, मग मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा, मग माघात औंढ्याची महाशिवरात्र. या सगळ्या माळेत एकच मुक्काम तारखेचा होता: परभणीचा तुराबुल हक शाहबाबांचा उरूस, 2 फेब्रुवारीला म्हणजे 2 फेब्रुवारीलाच. "बाकी सगळं चांदोबा ठरवतो," मामा सांगायचा, "परभणी तेवढं कॅलेंडर ठरवतं."

चांदोबाने ठरवलेल्या तारखेचा दराशी संबंध असतो, हे मला बऱ्याच उशिरा उमजलं. अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी दसरा उशिरा येतो. 2023 ला अधिक श्रावण होता, दसरा 24 ऑक्टोबरला पडला. 2025 ला तो 2 ऑक्टोबरलाच आला. मधे तीन आठवड्यांचं अंतर. शहरातल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे तीन आठवडे म्हणजे सोयाबीन शेतात उभं असणं आणि सोयाबीन मोंढ्यात विकून झालेलं असणं, एवढा फरक. मामाच्या काळात सोयाबीन नव्हतं. मूग-उडीद हाती आलेले असत आणि कापसाची पहिली वेचणी लागत असे. उशिराच्या दसऱ्याला माणूस खुल्या हाताने यायचा, लवकरच्या दसऱ्याला उधारीवर. मामा श्रावणातच पंचांग बघून मालकाला कळवायचा की यंदा दसरा लवकर आहे, दराला हात लावू नका. आणि 1972 ला, दुष्काळाच्या साली, वाटीतले चिंचोके दसऱ्याच्या दिवशीही वीसच राहिले. गर्दीच नव्हती. जे आले त्यांत निम्मे खडी फोडून आलेले होते.

जगात इतरत्र हा हिशेब कसा वळला तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत डिस्नेलँड 1955 च्या जुलैत उघडलं, तेव्हा मोठ्या माणसाला दारात एक डॉलर आणि आत प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. म्हणजे आमच्या मैदानासारखंच, फक्त दाराला फाटक. मग कूपनांची पुस्तकं निघाली. अ, ब, क अशी अक्षरं, साध्या खेळाला अ, आणि 1959 पासून सर्वांत भारी खेळाला इंग्रजी वर्णमालेतलं पाचवं अक्षर. 1982 मध्ये ती कूपनं बंद झाली. एकदा दारात पैसे भरा, आत हवं ते खेळा. आपल्याकडे 1989 मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड झालं, ते याच पद्धतीचं. फेब्रुवारी 2016 पासून डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांनी एका दिवसाच्या तिकिटाला दिवस पाहून वेगवेगळे दर लावले: रिकामा दिवस, नेहमीचा दिवस, गर्दीचा दिवस. ऑक्टोबर 2018 पासून फ्लोरिडात तर तारीख निवडल्याशिवाय बहुतेक तिकिटांचा दरच कळेनासा झाला.

गर्दीच्या दिवसाची किंमत जास्त, हे तत्त्व मामालाही मान्य होतं. त्याने आयुष्यभर तेच केलं. पण त्याच्या मैदानाला दार नव्हतं. आत शिरायला पैसा लागत नव्हता. रामलीला फुकट, रावण फुकट, पाळणा फिरताना बघणं फुकट. ज्याच्या मुठीत काहीच नाही तोही दसऱ्याला होता, बहिणीच्या पोराला वरून ओरडताना ऐकत होता, फेऱ्या मोजत होता. तारखेचा दर दारावर लावला, की हा माणूस जत्रेतूनच वजा होतो. माझं सगळं भांडण एवढ्या एका गोष्टीशी आहे. पाळण्याचे पैसे पाळण्यापाशी घ्यावेत. दसऱ्याच्या दिवशी खुशाल जास्त घ्यावेत, बाराच्या दहा फेऱ्या कराव्यात. मैदान मोकळं राहावं.

हे मी ऐकीव सांगत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर भाच्याने मला आणि त्याच्या दोन मुलांना एका मोठ्या पार्कात न्यायचं ठरवलं. तिकिटं आठवडाभर आधी फोनवर काढली, शनिवारची, म्हणून महाग. आम्ही हिंगोलीहून निघालो, रात्रीची गाडी वाटेत पाच तास अडकली, पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. उद्या येतो म्हटलं, तर तिकीट त्या तारखेचंच. दारातली मुलगी नम्र होती, तिच्या हाती काही नव्हतं. दोन तासांत मुलांचे तीन खेळ झाले, उरलेला वेळ रांगेत गेला. धाकट्याची उंची पट्टीला बोटभर कमी भरली म्हणून चौथ्या खेळातून त्याला उतरवलं. परतताना तो म्हणाला, "आत्या, आपल्या तिकिटात किती खेळ होते?" मी शिक्षिका, चाळीस वर्षं गणित शिकवलेलं, आणि मला उत्तर देता येईना. चिंचोके असते तर दाखवले असते.

करांचं थोडक्यात सांगते. मामाच्या वेळी करमणूक कराचा माणूस परभणीहून यायचा, हिंगोली तेव्हा परभणीतच होती. जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला. कराचा माणूस तिकिटांचे नंबर तपासून जायचा. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, मनोरंजन पार्कांना आधी अठ्ठावीस टक्के लागला, जानेवारी 2018 मध्ये अठरा झाला.

मामा 1998 ला गेला. त्याचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. आत पुठ्ठ्याचा तो मधला पडदा, वाकलेला. एका बाजूला चार-पाच नवे पैसे, दुसरीकडे एक हाली चवली. तळाशी एक गुलाबी तिकीट, न फाडलेलं, घडीवर पांढरं पडलेलं. आणि चिंचोके. मी मोजले, ते आठ आहेत. दसऱ्याच्या सकाळी खिशात टाकायचे तेच असावेत.

2020 च्या दसऱ्याला साथीमुळे मैदानावर जत्रा नव्हती. त्या संध्याकाळी मी तिकडून चालत गेले, पाळण्याच्या जागी गवत होतं. 2025 ला सप्टेंबरभर मराठवाड्यात पाऊस कोसळला, सोयाबीन पाण्यात उभं होतं आणि 2 ऑक्टोबरला दसरा. पाळणे आले होते, विजेचे, चकाकणारे. एका पाळण्यापाशी एक बाई मुलाचा हात धरून बराच वेळ उभी होती. मुलगा वर बघत मोजत होता, मोठ्याने. अकराला पाळणा थांबला. दोघं पुढच्या खेळापाशी गेली, तिथंही नुसती उभी राहिली.

2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून दसरा 20 ऑक्टोबरला. तोवर सोयाबीन घरात आलेलं असेल.