टर्कीच्या गळ्यात दाणा अडकला, पोट बिघडलं तर काय करावं? लक्षणं, घरचा उपाय आणि दवाखाना गाठायची वेळ

गावाकडं कोंबड्यांच्या जोडीला परसात चार-दोन टर्की पाळणारी घरं आता दिसू लागली आहेत. पक्षी काटक आहे, चरून खातो आणि गवत-पाला चालतो. खाद्य नीट मिळालं तर नर पाच महिन्यांत सात-आठ किलोपर्यंत भरतो. मादी वर्षाला ८० ते १०० अंडी देते आणि अंडं उबायला २८ दिवस लागतात. म्हणजे एक मोठा पक्षी दगावला तर घरचं चांगलंच नुकसान होतं.

अडचण अशी की टर्की आजारी पडली की बहुतेक जण कोंबडीचाच इलाज करतात. कोंबडीला जे चालतं ते टर्कीला चालतंच असं नाही. काही गोष्टी तर कोंबडीला बाधत नाहीत, पण टर्कीचा जीव घेतात. म्हणून गिळण्याच्या आणि पोटाच्या तक्रारी कशा ओळखायच्या याची माहिती एका जागी देत आहोत.

दाणा जातो कुठं?

पक्ष्याला दात नसतात. गिळलेला दाणा आधी मानेच्या तळाशी, छातीच्या वर असलेल्या पिशवीत साठतो. तिथं तो भिजून मऊ होतो आणि पुढं पेठ्यात जातो. पेठ्यातली वाळू-खडे दाणा दळतात. त्यानंतर आतड्यात पचन होतं. यातली एक जागा तुंबली की मागची सगळी वाट अडते. त्यामुळं पिशवी फुगलेली दिसली तरी मूळ दुखणं कधी कधी खाली आतड्यात असतं, हे लक्षात ठेवावं.

सकाळी हात लावून बघा

सगळ्यात सोपी तपासणी पहाटेची. दाणा टाकायच्या आधी पक्षी धरून पिशवी चाचपावी. निरोगी पक्ष्याची पिशवी संध्याकाळी भरलेली असते आणि सकाळी रिकामी होते. सकाळीही ती भरलेली लागली तर काहीतरी बिघडलंय असं समजावं. त्या पक्ष्याला लगेच वेगळं ठेवावं.

पिशवी दगडासारखी कडक

लांब वाळलेलं गवत, कडब्याचे धागे, सुतळी, केस, प्लॅस्टिकचे तुकडे पोटात गेले की त्यांचा गोळा होतो. टर्की चमकणारी वस्तू टोचून गिळते. खिळे, तारेचे तुकडे, काचही तिच्या पोटात सापडते. असा पक्षी खायला येतो, पण खात नाही, मान ताणत राहतो आणि हळूहळू वाळतो.

घरचा उपाय असा:
- १२ ते २४ तास दाणा बंद ठेवावा. पाणी चालू ठेवावं.
- मोठ्या पक्ष्याला पाच ते दहा मिली कोमट पाणी आणि चमचाभर गोडेतेल द्यावं. ड्रॉपरनं चोचीच्या कडेनं थेंब-थेंब सोडावं.
- बोटांनी पिशवी हलक्या हातानं चोळावी, म्हणजे गोळा सुटतो. दिवसात तीन-चार वेळा करावं.
- सुटल्यावर दोन दिवस भिजवलेलं मऊ खाद्य थोडं-थोडं द्यावं.

दोन गोष्टी अजिबात करू नयेत. पक्षी उलटा धरून पिशवी पिळू नये आणि तोंडात भांड्यानं पाणी ओतू नये. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. तिथं पाणी-तेल शिरलं की पक्षी हातातच जातो. एका दिवसात गोळा हलला नाही, किंवा तार-खिळा टोचतोय असं वाटलं तर दवाखाना गाठावा. डॉक्टर पिशवीला छेद देऊन गोळा काढतात. वेळेत नेलं तर पक्षी वाचतो.

पिशवी मऊ, तोंडाला आंबट वास

पिशवी पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी हलते, तोंडाला आंबूस वास येतो आणि चोचीत दह्यासारखे पांढरे थर दिसतात. ही आतली बुरशी असते. अँटिबायोटिक जास्त दिवस दिलं, भिजवलेलं खाद्य भांड्यात आंबलं, पाण्याची भांडी घासली नाहीत, अशी तिची कारणं असतात. अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करावं. भांडी रोज घासून उन्हात वाळवावीत. बुरशीचं औषध डॉक्टरच ठरवतात. मोरचूद पाण्यात घालायचा जुना उपाय अंदाजानं करू नये, प्रमाण चुकलं की तेच विष होतं.

पिशवी लोंबते

टर्कीत हा दोष कोंबडीपेक्षा जास्त दिसतो. उन्हाळ्यात पक्षी एकदम खूप पाणी पितो, पिशवी ताणते आणि पुन्हा आकसत नाही. चालताना ती छातीपुढं हलते. हा दोष वंशातूनही येतो, म्हणून अशा पक्ष्याची अंडी उबवायला ठेवू नयेत. उन्हाळ्यात सावली आणि दिवसभर थंड पाणी मिळालं तर पक्षी एका दमात घटाघट पाणी पीत नाही.

तोंडात पिवळी खपली

चोच उघडून आत बघितलं आणि घशात चीजसारखा पिवळा थर, सोबत घाण वास आढळला तर तीन शंका घ्याव्यात. एक म्हणजे कबुतरांकडून आलेला घशाचा परजीवी. कबुतरं टर्कीच्या भांड्यात पाणी पितात आणि रोग मागं सोडतात. दुसरी म्हणजे देवी. देवी फक्त डोक्यावर फोड आणते असं नाही, तोंडाच्या आतही थर धरतो. ती डासांमुळं पसरते आणि तिची लस आहे. तिसरी वर सांगितलेली बुरशी. तिन्हींचं औषध वेगळं असल्यानं डॉक्टरांना दाखवूनच द्यावं. थर नखानं ओरबाडू नये, रक्त येतं आणि जखम वाढते.

तोंड वासतो, पण घशात काही नाही

पक्षी मान पुढं करून तोंड वासतो, डोकं झटकतो आणि खोकल्यासारखा आवाज करतो. दाणा अडकला असं वाटतं, पण अडचण श्वासनळीत असते. तिथं लाल रंगाचे, इंग्रजी वाय अक्षरासारखे कृमी चिकटलेले असतात. गांडूळ, गोगलगाय खाल्ल्यानं हे कृमी येतात. पावसाळ्यात जास्त सांभाळावं. यावर तेल पाजून उपयोग नाही, वजनाप्रमाणे जंतनाशक लागतं.

मान टाकली, गिळता येत नाही

पक्ष्याची मान लुळी पडली, पंख आणि पाय ढिले झाले, तर आधी जवळपास मेलेलं जनावर कुजतंय का ते बघावं. कुजक्या मांसात आणि त्यावरच्या अळ्यांत विष तयार होतं आणि पक्षी अळ्या वेचून खातो. मेलेले पक्षी उकिरड्यावर टाकू नयेत. खोल खड्डा करून चुना टाकून पुरावेत. मान वाकडी होऊन मुरगळली असेल, सोबत हिरवी हगवण असेल, तर मानमोडीची शंका घ्यावी.

विष्ठा काय सांगते?

- घट्ट, वर पांढरी टोपी : नेहमीची, निरोगी.
- दिवसातून एक-दोनदा तपकिरी, चिकट, घाण वासाची : हीही नेहमीचीच. घाबरू नये.
- पाण्यासारखी, शेंबडी, क्वचित रक्ताची, दोन ते दहा आठवड्यांच्या पिल्लांत : रक्ती हगवण. टर्कीत रक्त दिसलंच पाहिजे असं नाही, त्यामुळं फसगत होते.
- हिरवी : पक्ष्याच्या पोटात दाणा नाही, किंवा मानमोडीसारखा मोठा आजार.
- गंधकासारखी पिवळी : सगळ्यात धोक्याची.

पिवळी हगवण : कोंबड्यांसोबत ठेवल्याची किंमत

या रोगाला इंग्रजीत ब्लॅकहेड म्हणतात. नाव ऐकून डोकं काळं पडेल अशी वाट बघू नये, बहुतेक वेळा ते पडतच नाही. पक्षी पंख पाडून, डोळे मिटून उभा राहतो आणि पिवळी हगवण सुरू होते. पोट उघडलं तर लिव्हरवर गोल, खोलगट डाग दिसतात.

याचा सूक्ष्म परजीवी कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांत लपून राहतो. कोंबडीला सहसा काही होत नाही, टर्की मात्र पटापट मरतात. कळपातले बहुतेक पक्षी जाऊ शकतात. जंतांची ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि गांडुळांतही राहतात. एकदा टर्कीत रोग शिरला की तो एकीकडून दुसरीकडं थेटही पसरतो. रोग लागल्यावर खात्रीचं औषध नाही. म्हणून जागा वेगळी ठेवणं हाच खरा इलाज:

- टर्की आणि कोंबड्या एका खुराड्यात, एका अंगणात ठेवू नयेत.
- जिथं आधी कोंबड्या होत्या ती जमीन टर्कीला देऊ नये.
- आधी टर्कीचं काम करावं, मग कोंबड्यांचं. चप्पल, खराटा, भांडी वेगळी ठेवावीत.
- डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन्हींना ठरावीक दिवसांनी जंतनाशक द्यावं.

खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा

ब्रॉयलर कोंबडीच्या काही खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून सॅलिनोमायसिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, टर्कीला ते विष आहे. पाय लुळे पडतात, पक्षी उठत नाही आणि मरतो. पोत्यावर हे नाव असेल तर ते टर्कीपुढं टाकू नये. लेबल नसेल तर दुकानदाराला विचारून खात्री करावी.

दुसरा धोका बुरशीचा. इंग्लंडमध्ये १९६० साली लाखाहून जास्त टर्की पिल्लं अचानक मेली. शोध घेतल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली भुईमूग पेंड. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. आपल्याकडं पावसात भिजलेला मका, वास येणारी शेंगपेंड "कोंबड्यांना चालतंय" म्हणून टाकली जाते. टर्कीचं लिव्हर ते सोसत नाही. माणसानं खाऊ नये असा दाणा टर्कीलाही घालू नये. उन्हात वाळवून विष जात नाही.

पिल्लं उपाशी मरतात ती अशी

टर्कीचं पिल्लू नजरेनं मंद असतं. पहिल्या दिवसांत त्याला खाणं-पिणं शिकवावं लागतं. दाणा समोर असूनही पिल्लं उपाशी मरतात. पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकाव्यात, म्हणजे ती टोचतात आणि पाणी पितात. १५ दिवसांपर्यंत एक लिटर पाण्यात १०० मिली दूध आणि दहा पिल्लांमागं एक उकडलेलं अंडं द्यावं. पहिल्या महिन्यात खाद्यात २८ टक्के प्रथिनं लागतात, नुसत्या कण्या-भरड्यावर भागत नाही. सुरुवातीचे दिवस गादीवर कागद अंथरावा, नाहीतर पिल्लं भुसा खातात आणि पेठा तुंबतो.

दवाखान्यात कधी जायचं?

पक्षी दिवसभर खात नसेल, हगवण पिवळी-हिरवी असेल, किंवा एका दिवसात दुसराही पक्षी बसला तर वाट बघू नये. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करावा. जाताना ताजी विष्ठा पिशवीत आणि खाद्याच्या पोत्याचं लेबल सोबत न्यावं. औषध दिल्यावर किती दिवस अंडी-मांस विकू नये, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. मानमोडी आणि देवीच्या लसीचं वेळापत्रकही तिथंच मिळतं.

एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते कापू नयेत, विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. तेव्हा लपवून ठेवण्यापेक्षा आधी कळवलेलं बरं.

बाकी रोजचं काम थोडंच आहे. सकाळी पिशवीला हात, विष्ठेवर नजर, भांडी स्वच्छ आणि कोंबड्यांपासून अंतर. एवढं पाळलं तर टर्कीची निम्मी दुखणी दाराबाहेरच राहतात.