कप्पीची गोष्ट

शिडाचं जहाज म्हटलं की डोळ्यांसमोर येतात उंच डोलकाठ्या आणि वाऱ्याने फुगलेली शिडं. पण ती शिडं चढवायची, वळवायची, वादळात झटकन उतरवायची तर दोर हवेत आणि दोरांना हव्यात कप्प्या. विहिरीवर असते तसलीच, फक्त लाकडी कवचात बसवलेली. ७४ तोफांच्या ब्रिटिश युद्धनौकेवर अशा नऊशेच्या वर कप्प्या असत!

कवच एल्मच्या लाकडाचं, आतलं चाक लिग्नम व्हायटीचं. हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं आणि मुळातच तेलकट, त्यामुळे वंगण कमी लागतं. तरीही खारी हवा आणि सततची ओढाताण. खीळ झिजली की चाक डगमगतं, दोर कडेला अडकतो. भर वादळात शीड खालीच आलं नाही तर? म्हणून कप्प्या सतत बदलाव्या लागत. १८०० च्या सुमारास ब्रिटिश आरमाराला वर्षाला लाखभर कप्प्या लागायच्या. यंत्रांची थोडी मदत होती, पण बरंचसं काम कारागिरांच्या हातचं.

इथे आले मार्क ब्रुनेल. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत देश सोडून आधी अमेरिकेत आणि १७९९ मध्ये इंग्लंडला आलेले. कप्प्या पुरवणाऱ्या कंत्राटदाराने त्यांची कल्पना नाकारली. मग आरमारातल्या सॅम्युअल बेंथॅम यांनी ती उचलून धरली आणि हेन्री मॉडस्ले यांनी यंत्रं घडवली, तीही धातूची. पोर्ट्समथच्या गोदीत वाफेवर चालणारी ४५ यंत्रं बसली.

गंमत यंत्रांच्या आकारात नाही, कामाच्या विभागणीत आहे. एक यंत्र फक्त भोक पाडणार, दुसरं फक्त खाच कोरणार, तिसरं फक्त कवचाला गोलाई देणार. आपल्या भाषेत, एका फंक्शनला एकच काम! १८०८ साली इथे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. सगळ्या ठरलेल्या मापांच्या. आज छोट्या होडीची कप्पी तुटली तर दोराची जाडी सांगून दुकानातून नवी आणता येते. ही सोय गृहीत धरायला आपण शिकलो त्याची एक सुरुवात या गोदीत झाली.

आता दुसरी बाजू. ११० कुशल कारागिरांचं काम तिथे १० अकुशल माणसं करू लागली. उरलेल्या शंभरांची नावं इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. हातातलं कसब यंत्रात गेलं आणि यंत्र झालं मालकाचं. ब्रुनेल यांचंही फार भलं झालं अशातला भाग नाही. १८२१ मध्ये कर्जापायी ते तुरुंगात गेले. यंत्रं मात्र टिकली. त्यातली काही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती, काही आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत.

आपल्यापैकी बरेच जण दिवसभर दुसऱ्यांची कामं ऑटोमेट करतो. किती तास वाचले हे आपल्या प्रेझेंटेशनमध्ये असतंच. ते तास कोणाचे होते, ही स्लाईड कुणी बनवत नाही. असो. उद्या सोमवार, तेव्हा एवढंच.