उतारवय आणि हालचाल : एका समजुतीचा इतिहास

चालता-बोलता डोळे मिटावेत, कोणाच्या हातचे पाणी पिण्याची पाळी येऊ नये, एवढेच मागणे आपल्याकडची वडीलधारी माणसे देवापाशी मागत असतात. पण त्याच माणसांची साठी उलटली की त्यांच्या हातापायांना काही काम उरू नये, अशी व्यवस्था आपण घरोघर मोठ्या मायेने करतो. मुलगा हातातली बाजाराची पिशवी काढून घेतो, सून पाण्याचा तांब्या जागेवर आणून देते, आणि शेजारी म्हणतात, "पुष्कळ केलेत, आता स्वस्थ बसा." मागणे एक आणि वागणे दुसरे, अशी ही विसंगती आहे. म्हातारपण म्हणजे विश्रांती ही समजूत कशी रुजली आणि ती कोणी कशी खोटी ठरवली, याचा थोडा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रथम आपल्याच वैद्यकाकडे पाहू. वाग्भटाने अष्टाङ्गहृदयाच्या दिनचर्या अध्यायात व्यायामाचे गुण सांगितले, आणि लगोलग तो कोणी टाळावा हेही सांगितले. त्या यादीत बालकाच्या शेजारी वृद्धाचे नाव आहे. एवढेच वाचून थांबणाऱ्याला वाटेल की शास्त्रानेच म्हाताऱ्याला बसवून ठेवले. परंतु व्यायाम या शब्दाने तेथे शरीराला शीण आणणारे कष्ट अभिप्रेत आहेत. सुश्रुताने व्यायामाची मर्यादा अर्ध्या शक्तीची घालून दिली आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली, अशी खूणही तो देतो. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून व्यायाम करावा, असे त्याचे सांगणे आहे; आणि व्यायाम करणाऱ्यावर जरा एकाएकी झडप घालीत नाही, असेही तो म्हणतो. शिवाय शरीराला फारशी पीडा न देणाऱ्या चालण्याचा त्याने वेगळा उल्लेख केला असून, त्याने आयुष्य, बळ, बुद्धी आणि अग्नी वाढतात असे म्हटले आहे. तेव्हा शास्त्राने वृद्धाला आखाड्यातून बाहेर काढले असेल, पण रस्त्यावरून घरात बसवले नाही. हा भेद पुढच्या पिढ्यांच्या ध्यानी राहिला नाही.

पश्चिमेकडेही असाच विचार आढळतो. रोमचा वक्ता सिसरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये वार्धक्यावर ग्रंथ लिहिला. त्यात नव्वदीतल्या मसिनिस्सा राजाचे उदाहरण आहे. हा न्युमिडियाचा राजा पाऊस असो वा थंडी, डोके न झाकता हिंडत असे. व्यायाम आणि मिताहार यांच्या बळावर म्हातारपणीही पूर्वीची काही शक्ती टिकवता येते, हा सिसरोचा निष्कर्ष होता.

मग विश्रांतीचे एवढे माहात्म्य वाढले कशाने? आमच्या मते, अंथरुणाला औषधाची प्रतिष्ठा मिळाली, हे त्याचे एक मोठे कारण होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वियर मिचेल या डॉक्टरने सक्तीच्या विश्रांतीचा उपचार लोकप्रिय केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला कित्येक आठवडे खाटेवर निजवून ठेवीत. विश्रांतीने अपाय होईल, ही शंकाच कोणाला येत नव्हती.

ती शंका कृतीने उपस्थित केली मार्जरी वॉरेन या इंग्रज डॉक्टरबाईंनी. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथगृहाचा रुग्णविभाग आला. त्यात ७०० हून अधिक रोगी होते, बहुतेक वृद्ध आणि पुष्कळसे वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले. त्यांचे आता काही व्हायचे नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते. वॉरेनबाईंनी एकेका रोग्याला नव्याने तपासले आणि ज्यांना उठवता येईल त्यांना उठवले, बसवले, चालवले. खाटेवरचे किती जण रोगाने पडून होते आणि किती केवळ पडून राहिल्यामुळे पडून होते, हे तेव्हा कळले. कित्येक जण आपल्या पायांनी घरी गेले. १९४३ आणि १९४६ साली त्यांनी हा अनुभव वैद्यकीय नियतकालिकांतून मांडला, आणि वृद्धांच्या वैद्यकाची स्वतंत्र शाखा ब्रिटनमध्ये उभी राहिली ती मुख्यतः याच कामातून.

त्यानंतर विश्रांतीवर चोहोकडून प्रश्न येऊ लागले. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर यांनी अंथरुणाच्या धोक्यांवर एक गाजलेला लेख लिहिला. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, हाडांतला चुना कमी होतो, स्नायू झडतात, पाठीला जखमा होतात, अशी यादीच त्यांनी दिली. १९५२ साली अमेरिकेत लेव्हाइन आणि लाउन यांनी हृदयविकाराच्या रोग्यांना खाटेऐवजी आरामखुर्चीत बसवून पाहिले आणि त्याने अपाय होत नाही असे दाखवले.

१९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांकडे लक्ष वेधले. एकाच गाडीवर दोन नोकर : ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दुमजली गाडीचे जिने दिवसातून शेकडो पायऱ्या चढून-उतरून. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, आणि जेथे झाला तेथे उशिरा व कमी घातक. अर्थात असा आक्षेप घेता येतो की मुळातच स्थूल माणसे बसण्याचे काम पत्करीत असतील. मॉरिस यांनी तो टाळला नाही. १९५६ साली त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर खरोखरच अधिक निघाला. म्हणून पुढे त्यांनी सगळेच बसून काम करणारे सुमारे १७,००० सरकारी अधिकारी निवडले आणि फावल्या वेळात ते काय करतात ते नोंदवले. १९७३ साली निष्कर्ष आला तो पहिल्यालाच दुजोरा देणारा होता. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत, आणि २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

तरीही एक प्रश्न उरतो. तरुणपणापासून जो हालचाल करीत आला त्याचे ठीक. पण ज्याची सवय मोडली, त्याने म्हातारपणी नव्याने आरंभ करून काय उपयोग? याचे उत्तर दोन प्रयोगांनी दिले.

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची श्रमशक्ती जेवढी घटली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने घटली होती! आणि सहा महिन्यांच्या बेताच्या व्यायामाने, मुख्यतः चालणे, मंद धावणे व सायकल यांनी, तीस वर्षांची ती घट भरूनही निघाली.

दुसरा प्रयोग बोस्टनचा. १९९० साली मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजने उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय होते ९०. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी हातातली काठी सोडली. व्यायाम थांबवताच मात्र चार आठवड्यांत ताकद पुन्हा घसरली. स्नायू वयाचा दाखला मागत नाही, पण सवय सुटलेली त्याला लगेच कळते.

महाराष्ट्राला हे सर्वस्वी नवे नाही. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार राजाप्रजा असा भेद न करता केला, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले तेव्हा ते सत्तरीला पोहोचले होते. ते १९५१ साली वारले. पण असे पुरुष आपण अपवाद म्हणून वंदनीय ठरवतो, आणि वंदन करून मोकळे होतो. घरातल्या आजोबांना चालायला घेऊन जाण्याचे काम त्याने टळते.

आता ही बाब अपवादांवर सोडून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढची माणसे १० कोटींहून अधिक होती. स्वातंत्र्याच्या सुमारास तिशीच्या आसपास असलेले सरासरी आयुर्मान आता सत्तरीच्या घरात आहे. वाढलेली वर्षे खाटेवर जावीत की अंगणात, हा प्रश्न म्हणूनच घरोघरचा झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की पासष्टीपुढच्या माणसांनीही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारा व्यायाम करावा. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे, कारण थोडेही काहीच नसण्यापेक्षा हितकर, हेही तिनेच सांगितले. दुखणे असेल त्याने डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. बाकी मर्यादेची खूण सुश्रुताने दिलेली आहेच.

यात वृद्धांइतकेच त्यांच्या भोवतालच्या माणसांचे काम आहे. वॉरेनबाईंच्या रोग्यांना उपदेश कमी पडला नव्हता. त्यांना उठवायला कोणी आले नव्हते. तेव्हा आजीच्या हातची निवडायची भाजी काढून घेऊ नये. आजोबांना दूध आणायला जाऊ द्यावे. रस्ता वर्दळीचा असेल तर बरोबर जावे, पण पिशवी त्यांच्याच हाती असू द्यावी. जिन्याला कठडा आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी. नगरपालिकेपाशी सपाट पदपथ आणि बसायला बाक मागावेत, कारण पडण्याच्या भीतीनेच पुष्कळ पाय घरात अडकतात. चालता-बोलता जावे ही इच्छा पुरी होणे सर्वस्वी आपल्या हाती नाही. पण शेवटपर्यंत चालते राहण्याची संधी त्यांना मिळेल असे घर आणि असे गाव ठेवणे, हे मात्र आपल्या हाती आहे.