वस्वसा, हुज्न आणि बल्खचे अबू झैद

आपल्या मोहल्ल्यात कुणाला मधुमेह झाला तर लोक डॉक्टरचा पत्ता देतात. कुणाची झोप उडाली, छातीत धडधडू लागले, माणूस गप्प गप्प राहू लागला, तर मात्र दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे 'बाहेरचं काहीतरी आहे' आणि दुसरी, 'ईमान कमजोर झालंय, नमाज पढ, सगळं ठीक होईल'. समुपदेशकाकडे जाऊया म्हटले की घरचे चपापतात. ही इंग्रजी शिकलेल्यांची थेरं आहेत, आपल्या दीनशी त्यांचा काय संबंध, असा सूर निघतो. म्हणून आज अकराशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते.

त्यांचे नाव अबू झैद अल-बल्खी. आजच्या अफगाणिस्तानातील बल्खजवळच्या शामिस्तियान गावात इ. स. ८५०च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील मुलांना शिकवणारे मुअल्लिम. तरुणपणी बल्खी इराकला गेले, अनेक वर्षे राहिले आणि थोर तत्त्वज्ञ अल-किंदी यांचे शागीर्द झाले. भूगोलाच्या इतिहासात त्यांच्या नकाशांवरून 'बल्खी परंपरा' असे नावच पडले. इ. स. ९३४ मध्ये ते वारले.

त्यांचा एक ग्रंथ आहे, 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस'. म्हणजे शरीर आणि मन यांची निगा. पहिला भाग शरीराचा: हवा, पाणी, अन्न, झोप, व्यायाम. दुसरा भाग मनाचा, आणि त्यात आठ प्रकरणे. याची हस्तलिखिते इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहात शतकानुशतके पडून होती. १९८४ मध्ये फुआत सेझगिन यांनी जर्मनीतून त्यांची प्रतिकृती छापली. पुढे सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी मनाच्या भागाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २०१३ मध्ये आला.

बल्खींची आपल्या काळातील हकिमांविषयी तक्रार होती. हे लोक फक्त शरीर पाहतात, औषध देतात, रक्त काढतात, मनाच्या दुखण्याकडे बघतच नाहीत, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की एखादा माणूस जन्मभर शरीराने आजारी पडणार नाही असे होऊ शकते. पण राग, भीती, दुःख यांतून कुणीच सुटत नाही. शरीर बिघडले की मन बिघडते आणि मन बिघडले की शरीर, म्हणून दोन्ही एकाच पुस्तकात.

मनाची दुखणी त्यांनी चार गटांत मांडली: राग, भीती, दुःख आणि वस्वसा. दुःखाचे, म्हणजे हुज्नचे, दोन प्रकार सांगितले. एकाचे कारण ठाऊक असते. माणूस गेला, पैसा बुडाला, आवडती वस्तू हरवली. दुसऱ्याचे कारण सापडतच नाही. माणूस उदास असतो, पण का ते त्यालाही सांगता येत नाही. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ शरीरात, रक्तात आहे आणि त्यावर शरीराचा इलाजही हवा, असे त्यांनी लिहिले. रक्ताविषयीची त्यांची कल्पना आज टिकत नाही. पण काही उदासी केवळ समजुतीने जात नाही, तिला औषध लागते, हे निरीक्षण आजचा मानसोपचारतज्ज्ञही मान्य करील.

भीतीबद्दल त्यांनी दिलेला दाखला मला फार आवडतो. कोरड्या वाळवंटातला माणूस पहिल्यांदा धुके पाहतो. त्याला वाटते, समोर भिंत आहे, पुढे जाता येणार नाही. आत शिरल्यावर कळते की ही तर ओलसर हवा आहे. पुष्कळशा भीती अशाच असतात. म्हणून ज्या आवाजाची, ज्या दृश्याची धास्ती वाटते ते पुन्हा पुन्हा, सवय होईपर्यंत सोसावे, असा त्यांचा उपाय. आणखी एक सल्ला: आपण जशी दुखण्याआधीच घरात औषधे आणून ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे वेळ आली की ते हाताशी असतात. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःला सावरणे नेहमीच जमत नाही, तेव्हा बाहेरच्या शहाण्या माणसाचे बोलणेही हवे. हा 'बाहेरचा शहाणा माणूस' म्हणजेच आजचा समुपदेशक.

समुपदेशक तरी काय करतो? तो आधी ऐकतो. मग कोणत्या विचारामागून घाबरणे येते ते आपल्यालाच शोधायला लावतो, त्या विचाराला पुरावा किती ते तपासायला लावतो, आणि ज्याला आपण टाळतो त्याच्याकडे एकेक पायरीने नेतो. गरज वाटली तर औषधासाठी डॉक्टरकडे पाठवतो. अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि आरन बेक यांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले. त्यांनी हे बल्खींकडून घेतले, असे मी म्हणणार नाही. 'सगळे आमच्याकडेच होते' अशी फुशारकी मारण्यात अर्थ नाही. ग्रंथ आपला होता, तरी तो हजार वर्षे उघडला नाही, हेही आपलेच.

वस्वसा हा शब्द आपल्या घरात आजही आहे. वुजू तुटला असेल या शंकेने पुन्हा पुन्हा हातपाय धुणारी, तासभर न्हाणीतून बाहेर न येणारी बाई अनेकांनी पाहिली असेल. लोक तिला परहेजगार म्हणतात, नाहीतर वेडी. खरे तर ती आजारी असते. बल्खी सांगतात, अशा माणसाने एकटे राहू नये, कारण एकांतात वस्वसा बळावतो. फिकहचा नियमही तिच्या बाजूने आहे: खात्री असेल तर नुसत्या शंकेने ती मोडत नाही. समुपदेशक तिला शंका आली तरी पुन्हा न धुता थांबायला शिकवील, आणि मोहल्ल्यातले इमामसाहेब हा मसला समजावून त्याला हातभार लावू शकतील.

दुःखी होणे म्हणजे ईमान कमी असणे, असेही नाही. हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले. हजरत खदीजा आणि अबू तालिब गेले त्या वर्षाला सीरतच्या पुस्तकांत 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष, असेच नाव आहे. पैगंबर (स.) चिंता आणि दुःख या दोन्हींपासून अल्लाहचा आसरा मागत. प्रत्येक आजाराला इलाज आहे, ही शिकवणही त्यांचीच.

इलाज टाळला की काय होते, ते तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवले. तिथल्या दर्ग्याच्या आधाराने बऱ्या होण्याच्या आशेने आणलेल्या मनोरुग्णांना एका खासगी आश्रमात साखळदंडांनी बांधून ठेवले होते. ६ ऑगस्ट २००१ला पहाटे आग लागली. २८ जण मेले. पळता येत नव्हते. साखळदंडाने बांधण्यावर आता २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे.

दुआ जरूर करा, दमही करून घ्या. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही असे असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. मरणाचे विचार येत असतील तर तेवढेही थांबू नका. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतून बोलता येते. शेजारचे काय म्हणतील असे वाटले, तर त्यांना बल्खच्या अबू झैदचे नाव सांगा.