हातभर मोटार, वीतभर मोटार

मध्ययुगीन युरोपात सुतार, लोहार, सोनार आदी कारागिरांचे संघ असत. उमेदवाराने काही वर्षे वस्तादाच्या हाताखाली काढावीत, मग गावोगाव हिंडून काम करावे आणि शेवटी आपल्या कसबाची साक्ष म्हणून एखादी वस्तू घडवून संघातील जाणत्यांपुढे ठेवावी, अशी रीत होती. ही वस्तू पुष्कळदा लहान असे. फ्रेंच सुतारांनी घडविलेले असे इवलेसे वळणदार जिने आजही संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. त्या जिन्यांवरून कोणी कधी चढले नाही. परंतु ज्याने तो लहान जिना केला तो मोठाही करू शकेल, याविषयी मग कोणाला शंका उरत नसे. वस्तू लहान करण्यामागे पोरखेळ नव्हता, परीक्षा होती.

मोटारींच्या प्रतिकृती घडविण्याच्या आणि रंगविण्याच्या छंदाचा इतिहास पाहू गेल्यास प्रथम या जिन्यांची आठवण होते. आज अनेक देशांतील प्रौढ माणसे दिवसाची कामे उरकल्यावर दिव्याखाली बसून वीतभर मोटारी जुळवितात, घासतात, रंगवितात. पाहणाऱ्यास त्यात बालिशपणा वाटण्याचा संभव आहे. तथापि या छंदाने कसबासंबंधीचा एक जुना प्रश्न सतत जागा ठेवला आहे. खरा कारागीर कोणता? पुढ्यातल्या वस्तूची हुबेहूब नक्कल करणारा, की अद्यापि नसलेले रूप मनाने कल्पून हाताने उतरविणारा? गेल्या शतकात या छंदाचा लंबक या दोन टोकांमध्ये हेलकावे घेत राहिला, आणि ते हेलकावे हाच त्याचा इतिहास होय.

या छंदाला मोठ्या प्रमाणावर शिस्त लावण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेत झाला. फिशर हे ओहायो राज्यातील नॉरवॉक गावचे, बग्ग्या बांधणाऱ्या घराण्यातील सात भाऊ. त्यांच्यापैकी फ्रेड आणि चार्ल्स यांनी १९०८ साली डेट्रॉइट येथे मोटारींचे सांगाडे बांधण्याचा कारखाना काढला. १९२६ पर्यंत तो संपूर्णपणे जनरल मोटर्सच्या मालकीचा झाला होता. बोधचिन्ह म्हणून त्यांनी नेपोलियनच्या राजेशाही बग्ग्यांवरून घेतलेले एक चित्र निवडले होते. १९३० साली याच कारखान्याने मुलांसाठी एक स्पर्धा जाहीर केली आणि तिच्या संघटनेला जुन्या संघांची आठवण देणारे ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ असे नाव दिले.

स्पर्धेचा विषय होता ती बोधचिन्हावरची बग्गी. कारखान्याने आराखडे पुरवायचे आणि मुलांनी त्यांबरहुकूम छोटी बग्गी घडवून धाडायची. विश्वविद्यालयीन शिक्षणासाठी पाच पाच हजार डॉलरांच्या चार शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षी ठेवल्या होत्या. ज्या मंदीत कर्त्या पुरुषांना रोजगार मिळत नव्हता, त्या मंदीत शाळकरी मुलाच्या हाताला एवढे मोल कोणी देऊ केले, तर घरोघर पटाशी आणि कानस बाहेर निघाल्या यात नवल नाही. एकाच मुलाला लाकडावर कोरीव काम करावे लागे, धातूचे बारीक भाग घडवावे लागत, बैठकीला कापड चढवावे लागे आणि अखेरीस रंगकाम साधावे लागे. खऱ्या बग्गीच्या कारखान्यात सुतार, लोहार, गादीवाला आणि रंगारी अशी चार माणसे जे करीत, ते येथे एका मुलाने शेकडो तास खर्चून करायचे. १९३१ च्या पहिल्या विजेत्यांपैकी डोनाल्ड बर्नहॅम हा मुलगा पुढे वेस्टिंगहाऊस या विख्यात कंपनीचा अध्यक्ष झाला.

कारखान्याने हे सारे केवळ परोपकारबुद्धीने केले, असे मानण्याचे कारण नाही. घरोघरी मुलगा महिनोन्‌महिने ज्या बग्गीवर खपतो आहे ती बग्गी म्हणजे कारखान्याची मुद्रा. याहून चांगली जाहिरात ती कोणती? शिवाय उद्याचे कुशल हात आजच हेरून ठेवण्याचीही ती एक युक्ती होती. आणि एक उणीव तर उघडच होती. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. एखाद्या मुलीच्या हातात कितीही कसब असले, तरी तिला तेथे प्रवेश नव्हता. इतिहासाने हे नोंदविल्यावाचून पुढे जाऊ नये.

परंतु हिशेब मांडून केलेल्या गोष्टीतूनही कधी कधी हिशेबाबाहेरचे काही निष्पन्न होते. मुले लाकडात बग्गी कोरीत असताना खुद्द कारखान्यातून लाकूड हद्दपार होऊ लागले होते. तोवर मोटारीचा सांगाडा बहुधा लाकडी चौकटीवर धातूचे पत्रे ठोकून बनत असे. १९३५ सालच्या मोटारींवर जनरल मोटर्सने एकसंध पोलादी छप्पर आणले. प्रचंड दाबयंत्राच्या एका तडाख्यात छप्पर तयार होऊ लागल्यावर बग्गी बांधणाऱ्या सुताराचे उरलेसुरले कामही संपत आले. म्हणजे ज्या विद्येला कारखान्याच्या आत जागा उरली नव्हती, तीच विद्या कारखान्याच्या नावाने गावोगावच्या तळघरांत आणि पडव्यांत मुले आत्मसात करीत होती. धंद्यातून उठलेली विद्या छंदाच्या आश्रयाने जगते. अनेक कलांच्या बाबतीत असे घडले आहे. येथे ते अवघ्या पाच वर्षांत घडले.

१९३७ मध्ये स्पर्धेला दुसरा विभाग जोडण्यात आला. मुलाने स्वतः कल्पिलेली मोटार एकास बारा या प्रमाणात घडवायची. जागतिक युद्धात स्पर्धा बंद पडली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली तेव्हा थोड्याच काळात बग्गी मागे पडली आणि मोटारच उरली. हा बदल वरवर साधा दिसतो, पण त्याने परीक्षेचे स्वरूपच पालटले. बग्गीच्या स्पर्धेत आराखडा दुसऱ्याचा आणि हात आपला. मोटारीच्या स्पर्धेत आराखडाही आपलाच. पाच मीटर लांबीची मोटार या प्रमाणात सुमारे बेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने जवळजवळ हातभर होते. पॉपलर किंवा बाल्सा यांसारख्या लाकडाचा ठोकळा घ्यावा, तो तासून घासून गुळगुळीत करावा, रेषा भरून येईपर्यंत लांबी भरावी, अस्तर द्यावे, मग लॅकरचे हातावर हात चढवावेत, असे हे काम होते. एखादी वक्ररेषा दिव्याच्या प्रकाशात जराशी जरी अडखळली, तरी सारे अस्तर खरवडून पुन्हा आरंभ करावा लागे.

१९४७ चा विजेता चक जॉर्डन हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. पुढे तो जनरल मोटर्समध्ये दाखल झाला आणि १९८६ साली त्या कंपनीच्या साऱ्या मोटारींच्या रूपकल्पनेचा प्रमुख झाला. त्याच्यासारखे आणखीही अनेक तरुण या वाटेने रेखनकक्षात शिरले. यात आश्चर्य ते काय? हार्ले अर्ल याने १९२७ पासून त्या कंपनीत मोटारीचे रूप आधी मातीत घडविण्याची पद्धत रूढ केली होती. जे काम तेथील पगारी शिल्पी मातीत करीत, तेच काम मुले लाकडात करीत होती.

याच सुमारास छंदाला दुसरीकडून वेगळे वळण लागत होते. १९४८ साली वेस्ट गॅलॉगली नावाच्या एका वकिलाने मिशिगन राज्यात एएमटी ही कंपनी काढली. मोटार विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना दाखविण्यासाठी अथवा भेट देण्यासाठी चालू वर्षाच्या मोटारींच्या प्रतिकृती बनविणे हा तिचा व्यवसाय. आरंभीच्या प्रतिकृती ॲल्युमिनियमच्या होत्या, नंतर प्लॅस्टिक आले. वितळविलेले प्लॅस्टिक दाबाने पोलादी साच्यात भरायचे आणि थंड झाल्यावर काढून घ्यायचे. एक साचा करण्यास खर्च अफाट, पण त्यातून निघणारी प्रत्येक प्रत स्वस्त. मग तीच प्रतिकृती जोडलेली न विकता सुटे भाग म्हणून का विकू नये? १९५० नंतर अमेरिकेत रेव्हेलने आणि इंग्लंडात एअरफिक्सने जुन्या मोटारींचे असे संच बाजारात आणले. १९५८ साली एएमटीने एकास पंचवीस या प्रमाणातले संच काढले आणि प्रत्येक पेटीत तीन मोटारींची शक्यता भरली. कारखान्यातून निघते तशी, मालकाने हौसेने बदललेली, किंवा शर्यतीसाठी सजविलेली. नक्कल आणि कल्पना यांपैकी काय हवे ते मुलाने स्वतःच ठरवावे.

हातभर मोटार आता वीतभर झाली होती. किंमत शाळकरी मुलाच्या खिशाला परवडेल इतकी उतरली होती. जे लाकडात तासायला सहा महिने लागत, ते पेटी उघडताच हाती येऊ लागले. फिशरची स्पर्धा १९६८ मध्ये संपली. तिच्याबरोबर कारागिरीही संपली, असे तेव्हा एखाद्याने म्हटले असते तर ते वावगे वाटले नसते.

वास्तविक कारागिरी संपली नाही, तिने मुक्काम हलविला. आकार आयता मिळू लागल्याबरोबर सारे लक्ष रंगाकडे वळले. रंगाची अडचण अशी की वस्तू लहान केली म्हणून रंग लहान होत नाही. खऱ्या मोटारीवरील रंगाचा थर सुमारे एक दशांश मिलिमीटर असतो. तोच थर एकास पंचवीसच्या प्रतिकृतीवर दिला, तर तो खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटर जाड लेप दिल्यासारखा होतो. दारांच्या फटी बुजतात, कोर बोथट होते, अक्षरे बुडतात. धातूच्या चमकीच्या रंगातील सूक्ष्म कणही त्या प्रमाणात खसखशीच्या दाण्याएवढे दिसतात. म्हणून भाग प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन साच्याचे तेल आणि बोटांचा चिकटपणा काढावा लागतो. अस्तर द्यायचे ते झाकण्यासाठी नव्हे, ओरखडे उघडे पाडण्यासाठी. रंग पातळ करून एअरब्रशने धुक्यासारखा उडवायचा, वाळू द्यायचा, ओल्या बारीक पॉलिशपेपरने घासायचा आणि पुन्हा उडवायचा. येथे घाई करणाराचे काम हमखास बिघडते. इंग्लंडातील हंब्रोल आणि अमेरिकेतील टेस्टर यांच्या चिमुकल्या डब्या व बाटल्या या गरजेतूनच घरोघर पोचल्या.

लंबक पुन्हा नकलेकडे झुकला तो जपानात. शिझुओका शहरात १९४६ साली तामिया कुटुंबाने लाकडाची वखार काढली आणि तिला जोडून लाकडी प्रतिकृतींचा धंदा सुरू केला. प्लॅस्टिकच्या लाटेत लाकडी माल खपेनासा झाला, तेव्हा १९६० मध्ये त्यांनी यामातो या युद्धनौकेचा प्लॅस्टिक संच काढला. तो प्रतिस्पर्ध्यांच्या स्वस्त मालापुढे टिकला नाही. पुढच्या वर्षीच्या रणगाड्याने मात्र त्यांना तारले. १९६७ साली त्यांनी होंडाच्या शर्यतीच्या मोटारीचा एकास बारा प्रमाणातला संच आणला, आणि नळ्या, तारा, इंजिन यांच्या तपशिलामुळे तो जाणकारांच्या कौतुकास पात्र ठरला. डेट्रॉइटच्या मुलांचे जुने हातभर माप येथे पुन्हा अवतरले, पण आता त्यात स्वैर कल्पनेला वाव नव्हता. शुन्साकु तामिया यांनी सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. पोर्शेच्या प्रतिकृतीसाठी मापे नीट मिळावीत म्हणून त्यांनी खरी मोटार विकत घेऊन ती सुटी केली. पुन्हा जोडण्याकरिता मात्र पोर्शेच्या यांत्रिकांना पाचारण करावे लागले. लहान वस्तू खरी व्हावी म्हणून मोठी वस्तू मोडण्याची ही तयारी कारागिराच्या सचोटीखेरीज दुसरे काय दाखविते?

मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? जॉर्डनसारख्यांचे यश पाहून नवे रूप कल्पिणारा श्रेष्ठ, असे म्हणावेसे वाटेल. परंतु बग्गी कोरणाऱ्या मुलांना बग्गीचा पुढे काहीच उपयोग नव्हता, तरी त्यांच्यातून कंपन्या चालविणारी माणसे निघालीच. आराखड्यातील रेषेपुढे स्वतःचा लहरीपणा बाजूला ठेवणे त्यांना नकलेने शिकविले, आणि कल्पनेला हातात उतरविण्यासाठी तेच शिक्षण लागते. छंदाच्या इतिहासात या दोन वृत्ती एकमेकींना मागे सारीत आल्या असे दिसते. वस्तुतः त्या आळीपाळीने एकमेकींना शिकवीत आल्या.

आपल्यासारख्या, मुलुखाबाहेर सरकारी कामात आयुष्य घालविणाऱ्या लोकांना या इतिहासात आणखी एक गोष्ट जवळची वाटावी. आपल्या कामात टिपणी एकाने लिहावी, शेरा दुसऱ्याने मारावा, निर्णय तिसऱ्याने घ्यावा, आणि अंमल होईपर्यंत तिघांचीही बदली झालेली असावी, असा प्रकार असतो. पुरे झालेले काम डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य क्वचितच लाभते. कारखान्यातील कामगाराचीही हीच गत झाली होती. दाबयंत्राखालून निघालेले छप्पर कोणा एकाचे नव्हते. त्याच काळात त्याचा मुलगा पडवीत बसून चाकाच्या आऱ्यांपासून गादीच्या शेवटच्या टाक्यापर्यंत एक संबंध बग्गी स्वतःच्या हाताने पुरी करीत होता. बापाच्या हातून निसटलेला हा आनंद मुलाच्या हाती राहिला, आणि आज तो बदलीच्या सामानातील एका लहान पेटीतही मावतो.